दोष तिळात की घाण्यात?



माझी धाकटी नात यंदा सहावीत आहे. सुट्टीत चार दिवस आमच्याकडे राहायला आली होती. जेवताना तिने एकदम विचारलं, "आजोबा, तू लॅबमध्ये होतास ना? मग तू सायंटिस्ट होतास?"

मी म्हटलं, "नाही गं. सायंटिस्ट वेगळे. त्यांचं यंत्र बिघडलं की ते मला हाक मारायचे."

पोरीचं तोंड उतरलं. तेव्हाच मनात आलं की या बिघाडांचीच गोष्ट लिहावी. मोठ्या शोधाची बातमी पेपरात येते, पण त्याच्या आधी कित्येक वर्षं कोणीतरी "हे असं का येतंय?" म्हणत डोकं खाजवत बसलेला असतो, ते कोणी लिहीत नाही.

मी १९७१ साली मुंबईहून इस्रायलला आलो. तिकडे गिरणीत फिटरचं काम शिकलो होतो. इथे काही वर्षं कारखान्यात काढली आणि मग एका प्रयोगशाळेत यंत्रांच्या देखभालीसाठी लागलो, तो निवृत्त होईपर्यंत. तिथे प्रथिनांचे स्फटिक करून त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे. कामाचं नाव भारदस्त, पण मला पहिल्या दिवसापासून आजोबांचा घाणा आठवायचा. आपले पूर्वज कोकणात तेल गाळायचे हे मुलांनो तुम्ही ऐकलं असेलच. आमच्या आजोबांचा अलिबागकडे घाणा होता. तेल कमी आलं की गिऱ्हाईक म्हणायचं, तीळ वाईट. आजोबा म्हणायचे, "आधी घाणा बघा, मग तिळाला नाव ठेवा." माझी सगळी नोकरी या एका वाक्यावर झाली.

फोटो कशाचा काढायचा?

प्रथिनं म्हणजे प्रोटीन. डाळीत, अंड्यात असतात ती तर खरीच, पण आपल्या शरीरातली बहुतेक कामंही प्रथिनंच करतात. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं, इन्सुलिन साखर सांभाळतं, पोटातलं पेप्सिन अन्न पचवतं. प्रत्येकाचा आकार वेगळा. कुलपाचा आकार कळला की किल्ली करता येते, तसा प्रथिनाचा आकार कळला की औषध करायला मदत होते.

पण प्रथिनाचा रेणू इतका लहान की साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. म्हणून क्ष-किरण. एकट्या रेणूकडून येणारी खूण फार फिकी. अब्जावधी रेणू परेडमधल्या शिपायांसारखे रांगेत उभे राहिले, तर सगळ्यांची खूण एकत्र होऊन ठळक होते. अशी रांग म्हणजेच स्फटिक. आपली खडीसाखर हा साखरेचा स्फटिक, मीठ हा मिठाचा. प्रथिनाचा स्फटिक मात्र खसखशीच्या दाण्याहून लहान, आणि साधारण अर्धा पाण्यानेच भरलेला. सुई लागली तरी चुरा होतो.

त्यावर क्ष-किरण सोडले की पलीकडे शेकडो ठिपके उमटतात. प्रत्येक ठिपका किती गडद आहे ते मोजायचं, स्फटिक थोडा फिरवायचा, परत मोजायचं. मग कॉम्प्युटर गणित करून रेणूचा नकाशा काढतो. म्हणजे हा सरळ फोटो नव्हे. मध्ये दहा पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर घसरायची सोय आहे.

पहिली पायरी म्हणजे हाती आलेला स्फटिक प्रथिनाचाच आहे ना? कारण द्रावणात मीठही असतं, आणि कधीकधी महिनाभर वाट बघून सुंदर चमकणारा खडा मिळतो तो मिठाचा! पेण-उरणच्या मिठागरांजवळ वाढलेल्या माणसाला याचं हसू येईल. ओळखायची युक्ती सोपी. सुईने दाबून बघा, मीठ कट्कन मोडतं, प्रथिन मऊ असतं. क्ष-किरणांत मिठाचे ठिपके थोडे आणि लांब लांब येतात, प्रथिनाचे पुष्कळ आणि जवळ जवळ.

पहिला बिघाड: वाळलेला स्फटिक

१९३४ सालापर्यंत प्रथिनांच्या स्फटिकांपासून धड ठिपके कोणाला मिळालेच नव्हते. फिल्म नुसती काळी पडायची. इंग्लंडमध्ये केंब्रिजला जे. डी. बर्नाल यांच्याकडे स्वीडनहून पेप्सिनचे स्फटिक आले. त्यांनी पाहिलं की स्फटिक ज्या द्रावणात वाढला त्यात असतो तोवर छान चमकतो, बाहेर काढला की मलूल होतो. तो वाळत होता! मग त्यांनी स्फटिक त्याच्याच द्रावणासकट काचेच्या बारीक नळीत ठेवला आणि क्ष-किरण सोडले. ठिपके उमटले. त्यांच्याबरोबर डोरोथी क्रोफूट ही तरुण संशोधक काम करत होती. लग्नानंतर त्या डोरोथी हॉजकिन झाल्या. १९३५ साली त्यांनी इन्सुलिनचा पहिला क्ष-किरण फोटो घेतला आणि त्याची पूर्ण रचना हाती आली १९६९ साली. चौतीस वर्षं! मधल्या काळात, १९६४ साली, त्यांना नोबेलही मिळालं होतं.

ओलाव्याचं हे भान लंडनच्या ज्यू घराण्यातल्या रोझलिंड फ्रँकलिन यांनाही होतं. त्यांचं काम प्रथिनावर नव्हे, डीएनएच्या धाग्यांवर होतं. कॅमेऱ्यातला दमटपणा मोजून मापून कमी-जास्त केल्यावर धाग्याची दोन रूपं वेगवेगळी दिसू लागली. १९५२ सालचा त्यांच्या प्रयोगशाळेतला प्रसिद्ध फोटो त्याचंच फळ.

तीळ चांगलेच होते, वाचकहो. ते धरायची पद्धत चुकत होती.

दुसरा बिघाड: किरणांनीच मेलेला स्फटिक

आता आपल्या इस्रायलची गोष्ट. अदा योनात यांचा जन्म १९३९ साली यरुशलेममध्ये गरीब घरात झाला. लहानपणी घरच्या बाल्कनीची उंची मोजायची म्हणून त्या टेबल-खुर्च्या एकावर एक रचून वर चढल्या, पडल्या आणि हात मोडून घेतला. अकरा वर्षांच्या असताना वडील गेले. लहानमोठी कामं करत त्या शिकल्या. पुढे रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत १९७० साली त्यांनी देशातली प्रथिन-स्फटिकांची पहिली प्रयोगशाळा उभी केली.

त्यांनी हात घातला रायबोझोमला. रायबोझोम म्हणजे आपल्या प्रत्येक पेशीतला प्रथिनं बनवायचा कारखाना. त्यात पन्नासाहून जास्त प्रथिनं आणि आरएनएचे लांब धागे गुंतलेले. याचा स्फटिक होणं शक्य नाही, असं बहुतेकांचं मत होतं. हिवाळ्यात लांब झोप घेणाऱ्या अस्वलांच्या पेशींत रायबोझोम ओळीने रचलेले असतात असं योनातबाईंनी वाचलं आणि त्यांना वाटलं, तिथे रांग लागते तर नळीत का नाही लागणार? त्यांनी उष्ण जागी जगणारे चिवट जंतू निवडले, कारण त्यांचे रायबोझोमही चिवट असणार. १९८० साली पहिले स्फटिक मिळाले. पुढे मृत समुद्राच्या, म्हणजे याम हामेलाखच्या खाऱ्या पाण्यातल्या जंतूंचेही मिळाले.

आणि मग खरी अडचण आली. स्फटिक क्ष-किरणांसमोर धरला की बघता बघता खराब व्हायचा. किरणांमुळे त्यातल्या पाण्यात विघातक कण तयार होतात आणि ते फिरून रेणूंची मोडतोड करतात. किरण कमी करावेत तर ठिपके दिसत नाहीत, वाढवावेत तर स्फटिक मरतो.

उपाय निघाला थंडीचा. अमेरिकेतले हाकोन होप आणि योनातबाई यांनी १९८०च्या दशकात स्फटिक एकदम उणे १८५ अंशांच्या आसपास नेऊन मोजायची पद्धत रायबोझोमवर वापरली. इतक्या थंडीत ते विघातक कण फिरू शकत नाहीत. पण इथेही गंमत आहे. पाण्याने भरलेली बाटली फ्रीझरमध्ये ठेवली की फुटते, कारण बर्फ फुगतो. स्फटिकातलं पाणीही असंच फुगलं तर सगळं फाटेल. म्हणून बर्फ व्हायला वेळच मिळू नये इतक्या झटकन गार करायचं, आणि गरज असेल तिथे ग्लिसरीनसारखा पदार्थ घालायचा, म्हणजे पाणी काचेसारखं थिजतं. आज जगभर बहुतेक प्रयोगशाळांत स्फटिक असेच थंड करून मोजतात.

२००० साली रायबोझोमच्या रचना जगासमोर आल्या. २००९ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल अदा योनात, थॉमस स्टाइट्झ आणि वेंकटरामन रामकृष्णन यांना मिळालं. रामकृष्णन जन्माने तामिळनाडूतल्या चिदंबरमचे, पण कॉलेज केलं आपल्या ओळखीच्या बडोद्याला. नोबेल मिळवणाऱ्या योनातबाई पहिल्या इस्रायली स्त्री. आपल्याला खोकला-ताप झाल्यावर कुपत होलिमचे डॉक्टर अझिथ्रोमायसिन लिहून देतात ना? ते औषध जंतूंच्या रायबोझोमलाच जाऊन अडकतं. कुठे आणि कसं, हे या रचनांमुळे अणू-अणूपर्यंत दिसलं.

आमच्याकडचा बर्फ

थंडीचा उपाय आला तसे थंडीचे बिघाडही आले, आणि तिथे माझं काम सुरू झालं. केसासारख्या नायलॉनच्या फासात स्फटिक धरतात आणि त्यावर गार नायट्रोजनचा झोत सोडतात. हवेतला दमटपणा त्यात शिरू नये म्हणून झोताभोवती कोरड्या हवेचं वेष्टण असतं.

एका ऑगस्टमध्ये एक विद्यार्थिनी रडकुंडीला आली होती. प्रत्येक चित्रात ठिपक्यांच्या जोडीला गोल गोल वलयं. वलयं म्हणजे बर्फाचे बारीक कण. तिने द्रावण बदललं, ग्लिसरीन वाढवलं, कमी केलं, तीन आठवडे गेले. मी दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. बघतो तर नळीच्या तोंडाला पांढरी दाढी. एक बारीक दोरा झोताजवळ धरला, तर तो सरळ खाली जायच्या ऐवजी भिंतीकडे ओढला जात होता. वर पाहिलं. मझगान, म्हणजे आपला एसी. उकडतंय म्हणून कोणीतरी त्याच्या पट्ट्या नेमक्या यंत्राकडे वळवल्या होत्या. त्या वाऱ्याने कोरडं वेष्टण फाटत होतं आणि समुद्राकडची दमट हवा आत शिरत होती. पट्ट्या फिरवल्या, दाढी पुसली, नळी सरळ केली. पुढचं चित्र स्वच्छ.

तिने सगळं बदललं होतं, पण तिळाच्या बाजूचं. घाण्याकडे पाहिलंच नव्हतं.

आणि माझी चूक

दुसऱ्याची सांगितली, आता स्वतःची सांगतो. एकदा ठिपके टिपणारा डिटेक्टर मी साफ करायला काढला आणि परत बसवला. बसवताना तो दीडेक मिलिमीटर सरकला. सरकतोच, त्यात पाप नाही. पण किरण आता कुठे पडतो ते नव्याने मोजून वहीत लिहायचं असतं, ते मी लिहिलं नाही. शुक्रवारची दुपार होती, घरी जायची घाई होती.

कॉम्प्युटर जुनाच मध्य धरून मोजत राहिला. कल्पना करा, रांगेत पहिला माणूस सोडून दुसऱ्यापासून मोजणी केली. रांग व्यवस्थित दिसते, पण प्रत्येकाचा नंबर एकाने चुकलेला. तसंच ठिपक्यांचं झालं. प्रोग्रामने कुठेही तक्रार केली नाही, पण पुढचं गणित काही जमेना. एका मुलाचे दोन महिने त्यात गेले. त्याला वाटलं, स्फटिकच वाईट.

एके दिवशी त्याच्या चित्रांवरच्या तारखा माझ्या नजरेस पडल्या आणि पोटात गोळा आला. रात्रभर झोप नाही. कोणाला कळलं नसतं, खरं सांगतो. सकाळी बायकोने विचारलं, काय झालं? सांगितलं. ती म्हणाली, "मग इथे काय बसलाय? जा ना." गेलो. प्रोफेसरांनी ऐकून घेतलं, वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, लिहा. मी तारीख घालून लिहिलं. मध्य नीट घालून गणित पुन्हा केलं, आणि तीच चित्रं, तेच ठिपके, एका दुपारी जमून गेले. त्या मुलाने मला चहा पाजला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आरशातली पाच वर्षं

माझी चूक दोन महिन्यांत सापडली. पण कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत जेफ्री चँग यांच्या प्रयोगशाळेत याहून मोठी गोष्ट झाली, ती या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. जंतूंच्या आवरणातल्या एका पंपाची रचना त्यांनी २००१ साली छापली. औषधं पेशीबाहेर फेकणाऱ्या पंपांच्या कुळातला तो. कर्करोगाची औषधं कधीकधी लागू पडत नाहीत, त्यामागे असेच पंप असतात. म्हणून शोध महत्त्वाचा होता.

ठिपक्यांपासून नकाशा काढताना एक अडचण असते. ठिपका किती गडद हे कॅमेरा टिपतो, पण लाट कुठल्या टप्प्यावर होती हे टिपत नाही. ते शोधायला जोडीजोडीने येणाऱ्या ठिपक्यांमधला बारीक फरक वापरतात. चँग यांच्याकडे यासाठी दुसरीकडून आलेला एक घरगुती प्रोग्राम होता. त्याने जोडीतले दोन रकाने उलटसुलट केले. अधिकचं उणे झालं. एवढंच! पण त्यामुळे सगळा नकाशा आरशातल्यासारखा उलटला.

ज्यांनी कॉम्प्युटरवर एकाच ओळीत हिब्रू आणि मराठी लिहून पाहिलंय, त्यांना रकाने उलटणं म्हणजे काय ते सांगायला नको! फिटरच्या भाषेत सांगायचं तर उजव्या आट्यांचा स्क्रू डाव्या आट्यांचा झाला. प्रथिनातली वळणं उजव्या आट्यांची असतात, मग ओळखू का आलं नाही? कारण चित्र धूसर होतं. लांबून स्क्रू दिसतो, आटे कुठल्या बाजूला वळलेत ते दिसत नाही.

त्याच प्रोग्रामवर पुढच्या रचनाही निघाल्या. इतरांच्या प्रयोगांचे निकाल त्यांच्याशी जुळत नव्हते. २००६ साली स्वित्झर्लंडच्या दोन संशोधकांनी त्याच कुळातल्या दुसऱ्या पंपाची रचना छापली, ती अगदीच वेगळी. चँग यांनी स्वतःची आकडेमोड तपासली, रकाने सापडले आणि त्यांनी पाच लेख मागे घेतले. चूक कशी झाली तेही छापून सांगितलं. २००७ साली त्यांच्या गटाने त्या पंपाच्या दुरुस्त रचना दिल्या आणि काम पुढे चालू ठेवलं.

मला यात नुसती चूक दिसत नाही. पाच वर्षांचं काम, नाव, सगळं पणाला लागलेलं असताना "चुकलो" म्हणणं सोपं नाही. माझी तर दीड मिलिमीटरची गोष्ट, तरी रात्रभर जागलो होतो.

आता काय करतात?

मी इस्रायलला आलो त्याच १९७१ साली प्रथिनांच्या रचनांचा जगाचा साठा सुरू झाला, सात रचनांवर. आज त्यात दोन लाखांहून जास्त आहेत. २००८ पासून स्फटिकावरून काढलेली रचना तिथे ठेवायची तर मोजलेले आकडेही द्यावेच लागतात, म्हणजे दुसऱ्याला तपासता येतं. शिवाय १९९२ पासून एक युक्ती रूढ झाली. थोडे ठिपके, साधारण शंभरातले पाच ते दहा, गणितात न वापरता बाजूला ठेवायचे आणि रचना त्यांच्याशी जुळते का ते शेवटी बघायचं. जशा शिक्षिका चार गणितं वर्गात न सोडवता परीक्षेसाठी राखून ठेवतात! पाठ करणारा तिथे पकडला जातो.

हल्ली अल्फाफोल्ड नावाचा प्रोग्राम स्फटिक न करताच आकाराचा अंदाज सांगतो. त्यासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. नातीने विचारलं, "मग आता लॅब बंद?" नाही बाळा. अंदाज तो अंदाज. तो शिकला त्या साठ्यातल्या रचनांवरच, आणि औषध कुठे अडकतं ते पक्कं करायला मोजून बघावंच लागतं. घाणा बदलला, तेल तपासायचं काम राहिलंच.

मुलांनो, घरी करून बघा

आजीला सोबत घ्या, कारण पाक उकळता असतो. एक कप पाणी तापवा आणि त्यात ढवळत ढवळत साधारण तीन कप साखर विरघळवा. थोडं निवल्यावर काचेच्या बरणीत ओता. एक दोरा ओला करून साखरेत घोळवा, पूर्ण वाळू द्या आणि काडीला बांधून पाकात सोडा. दोरा तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. वर पातळ कापड झाका. आठ-दहा दिवसांत खडीसाखर धरायला हवी. नाही धरली तर असं शोधा:

दोऱ्यावर काहीच नाही? साखर कमी पडली असेल, किंवा दोरा नीट न वाळवता घातला म्हणून त्याची साखर विरघळून गेली असेल.

खडे तळाला धरले, दोऱ्याला नाही? न विरघळलेली साखर तळाशी राहिली असेल.

खूप बारीक बारीक खडे झाले? बरणी फार लवकर गार झाली किंवा कोणीतरी सारखी हलवून बघत होतं. कोण, ते तुम्हाला माहीत आहे!

दोन नियम पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे सुधारलं ते कळणार नाही. आणि जे केलं ते तारखेसह वहीत लिहा, चुकलेलं तर नक्कीच लिहा.

आमच्या नातीची पहिली बरणी फसली. ती म्हणाली, "आजोबा, साखरच खराब आहे." मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तिने वही उघडली, वाचली, आणि हळूच म्हणाली, "मी दोरा वाळवलाच नव्हता." मग स्वतःच्या हाताने ते वहीत लिहिलं.

दुसऱ्या बरणीत खडे धरलेत. शब्बाथला सगळे जमतील तेव्हा चहाबरोबर फोडणार आहोत.